तिला वाट चुकू द्या!

पेण काय किंवा रोहे काय, आमच्या या दोन्ही गावांत हल्ली परदेशी जाऊन आलेली एखादी तरी आई प्रत्येक आळीत सापडते. मुलगा न्यू जर्सीला असतो, लेक लंडनला नाहीतर दुबईला. बाळंतपणाचे दिवस जवळ येतात, व्हिसा निघतो आणि जिने जन्मात विमान आतून पाहिले नाही ती बाई डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट आणि पेणचे पापड बॅगेत भरून सातासमुद्रापार जाते. सहा महिन्यांनी परतते. हळदीकुंकवाला आपण कौतुकाने विचारतो, "काय काय पाहिलेत?" ती सांगते : भांडी घासणारे यंत्र, खिडकीतून दिसणारा बर्फ, आणि एका रविवारी मुलाने मोटारीतून नेऊन दाखवलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. "एकट्या कधी बाहेर पडलात का?" असे विचारले, की ती जीभ चावते. "अगबाई! आणि वाट चुकले असते म्हणजे?"

माझे भांडण या एका वाक्याशी आहे.

वाट चुकली असती तर काय झाले असते? तिने कोणाला तरी विचारले असते. घरी पोचायला तासभर उशीर झाला असता. त्या एका तासाच्या भयापायी सहा महिने एक सबंध शहर तिला बंद राहावे, हा कुठला हिशेब?

आमच्या पेणहून गणपतीही परदेशी जातात. नीट गुंडाळून, खोक्यात बसवून, जपून हाताळण्याची ताकीद देऊन त्यांची पाठवणी होते. मूर्ती मातीची, तिला धक्का सोसत नाही, तेव्हा हे योग्यच. पण आई काही मातीची नव्हे! ही बाई पेणहून एस.टी.ने पनवेल गाठते, तिथून लोकल धरते, कुर्ल्याला गाडी बदलते आणि दादरला जाऊन लग्नाचा सगळा बस्ता बांधून दिवेलागणीच्या आत घरी येते. रोह्याची असेल तर दिव्याला उतरून त्या गर्दीतून वाट काढते. तिला नकाशा कोणी शिकवलेला नसतो. तिची रीत साधी असते : तिघांना विचारायचे, आणि दोघांचे जमेल ते खरे मानायचे. ही रीत जगाच्या पाठीवर कुठेही चालते.

शिवाय, परदेशातली मोठी शहरे नवख्या माणसाला आपल्यापेक्षा पुष्कळ सोपी करून ठेवलेली असतात. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने आखला आणि १९३३ साली तो लोकांच्या हाती पडला. त्यात अंतरे खरी नाहीत, वळणे खरी नाहीत. खरा आहे तो स्टेशनांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची ती जागा. मार्ग रंगांवरून ओळखायचे. भुयारातल्या प्रवाशाला एवढे पुरते, हे त्या माणसाने ओळखले. शाळेत मुलांना नकाशा शिकवताना मी हाच दाखला देते. रांगोळीच्या ठिपक्यांतून रेघ कुठून कुठे जाते हे जिला कळते, तिला हा नकाशा कळणार नाही असे कोणी म्हणावे?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची आखणी १८११ साली ठरली. दक्षिणेचे जुने टोक सोडले, तर आडव्या रस्त्यांना सरळ आकडे आहेत. तेहेतिसाव्यानंतर चौतिसावा, त्यापुढे पस्तिसावा. पाढे म्हणत मोठी झालेली बाई इथे हरवेल कशी? आणि गंमत अशी, की न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कला जाणारी आगगाडी जिथे पोचते त्या स्टेशनाचे नाव पेन! पेनसिल्व्हानिया रेल्वेवरून ते पडले. मात्र वाटेत नेवार्कलाही एक पेन स्टेशन लागते. तिथे उतरायचे नाही, एवढे सांगून ठेवले म्हणजे झाले. दुबईची मेट्रो २००९ साली सुरू झाली. तिथे अरबीबरोबर इंग्रजी पाट्याही आहेत.

यावर चिरंजीव म्हणतात, "आई, इथली रहदारी वेगळी आहे." आहे ना! मग शिकवा. लंडनला आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने धावतात. न्यूयॉर्कला आणि दुबईला उजव्या बाजूने. तेव्हा तिथे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे. हे शिकवायला किती वेळ लागतो? घरचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा. परतीच्या बसचा नंबर दाखवा. एकदा बरोबर जा, दुसऱ्यांदा दहा पावले मागे राहा, तिसऱ्यांदा घरी बसा. तुम्हाला सायकल तिने अशीच शिकवली होती.

अमेरिकेतल्या कित्येक वसाहतींत पायवाटही नसते आणि मोटारीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही, हे मी मान्य करते. तिथे आईला स्टेशनापर्यंत सोडा. पुढचे तिचे ती पाहील. आणि तो फोन! आईला फोन दिला, असे मोठ्या तोऱ्यात सांगतात. पण पुष्कळदा तो घरातल्या वायफायपुरताच चालतो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की नकाशा गडप. दावणीला याहून निराळे नाव नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. नवरा बरोबर नव्हता. न्यू जर्सीतल्याच रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना उतरवून घेतले, घरी ठेवले, आणि मग फिलाडेल्फियाला शिकायला जाऊ दिले. पहिल्या दिवशी उतरवून घेणे निराळे आणि सहा महिने बोट न सोडणे निराळे. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या, तो देश हिंडल्या, आणि १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. आज त्याच देशात सहा महिने काढून आलेली आमची बाई फार तर तिथल्या स्वयंपाकघराची लोकस्थिती सांगू शकते! ज्यांचे बालपण रोह्यात कुंडलिकेच्या काठी गेले ते चिंतामणराव देशमुख १९१५ साली ऐन महायुद्धात केंब्रिजला शिकायला गेले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मुलाने अनोळखी शहर पालथे घातले की तो कर्तबगार. आईने नुसते कोपऱ्यापर्यंत जातो म्हटले की तो हट्ट!

आता खरे कारण बोलू. आईला वाट सापडली, तर ती दुपारी घरी असेलच असे नाही. मग पाळणा कोण हलवील, आणि संध्याकाळी सातला गरम पोळ्या कोण वाढील? सगळ्याच मुलांच्या मनात हे असते असे मी म्हणत नाही. पण काळजीच्या शालीखाली सोय लपलेली असते, आणि आई ती ओळखूनही गप्प बसते. गणपतीने आईबापांभोवती प्रदक्षिणा घातली, तेवढ्यात त्याला पृथ्वीप्रदक्षिणेचे पुण्य लाभले. आमचे हे गणपती आईला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेतात आणि ओट्याभोवती प्रदक्षिणा घालायला लावतात.

आणि बायांनो, थोडे तुमच्याशीही. वाट न ठाऊक असणे हा कुलीनपणा नव्हे. "मला बाई काही कळत नाही" हे म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, आणि ऐकणाऱ्याला ते फार सोयीचे पडते. या दिवाळीत मुले घरी येतील, फराळाच्या ताटाशी तिकिटाची गोष्ट काढतील. जरूर जा. नातवाला न्हाऊमाखू घाला, सुनेला अळिवाची खीर द्या. पण जायचे कबूल करण्याआधी एक अट घाला : आठवड्यातून एक दिवस माझा, त्या दिवशी मी एकटी बाहेर पडणार, आणि बाहेर चालेल असा फोन मला हवा. बॅगेत चकलीच्या भाजणीशेजारी चालायचे बूटही भरा.