जीटीए ६ मध्ये पलंग हवा



मागच्या आठवड्यात ओपीडीत बारावीचा एक मुलगा आला, सोबत आई. तक्रार अशी की सकाळी डोकं जड असतं, क्लासमध्ये झोप येते, वाचलेलं लक्षात राहत नाही. चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड व्यवस्थित. "झोपतोस किती वाजता?" असं विचारल्यावर त्याने आईकडे बघितलं आणि आईने माझ्याकडे. दोन-अडीच. "गेम," आई म्हणाल्या, आणि मग एका दमात, "आणि आता त्याचा सहावा भाग येतोय म्हणे! त्यात तर अजून मारामारी, अजून घाण. तुम्हीच सांगा याला काहीतरी, डॉक्टर."

मी काही सांगण्याआधी त्याच्याकडून ऐकून घेतलं. (बाहेर ताटकळलेल्या पेशंटांची माफी मागतो.) गेम म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, म्हणजेच जीटीए. आधी २०२५ मध्ये येणार होता, मग तारीख २६ मे २०२६ झाली, मग १९ नोव्हेंबर २०२६. ट्रेलर त्याला फ्रेम-फ्रेम पाठ. जेसन आणि लुसिया ही दोन मुख्य पात्रं, फ्लोरिडासारखं दिसणारं लिओनिडा नावाचं राज्य, त्यात जुनं व्हाइस सिटी. काय बदलणार याचे त्याचे अंदाज तर संपेचनात. पोलीस जास्त हुशार होतील का? किती इमारतींच्या आत शिरता येईल? हत्यारं खिशात मावतील तेवढीच की आख्खं कोठार सोबत? जिम परत येईल का, जास्त खाल्लं तर पोट सुटेल का? (२००४ च्या सॅन अँड्रियासमध्ये सुटायचं. डॉक्टर म्हणून तो भाग मला विशेष आवडायचा.)

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या सगळ्या अपेक्षा "अजून काय काय करता येईल" याच्या होत्या आणि त्याच्या आईच्या सगळ्या धास्ती "अजून काय काय दाखवतील" याच्या. गेम थांबवायचा कुठे, हा प्रश्न दोघांच्याही यादीत नव्हता. आणि त्या मुलाचं डोकं नेमकं त्याच प्रश्नामुळे दुखत होतं.

आधी मारामारीचं बघू. गेम बाजारात आला की वर्तमानपत्रांत आणि पालकांच्या ग्रुपवर हाच विषय रंगणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये या विषयावरची आपली भूमिका पुन्हा तपासली. हिंसक गेम आणि आरडाओरड, ढकलाढकली यांसारख्या वागण्यात छोटासा संबंध दिसतो. पण गेममुळे मुलं प्रत्यक्षात हिंसाचार करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांत त्यांना संबंध आढळला नाही. म्हणून हा गेम तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावा असं मी म्हणत नाहीये. पाचव्या भागावर युरोपात '१८ वर्षांवरील' असा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्या धोक्याचा पुरावा लंगडा आहे त्यावर घरात रणकंदन करायचं, आणि ज्याचा पुरावा रोज सकाळी डायनिंग टेबलवर जांभया देत बसलेला असतो त्याकडे बघायचंच नाही, हे मला पटत नाही.

आता पलंगाकडे येतो. जीटीए ३, व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास या जुन्या भागांत गेम सेव्ह करायचा तर आपल्या पात्राला त्याच्या मुक्कामाच्या घरी परत न्यावं लागे. सेव्ह केलं की गेमच्या घड्याळात सहा तास पुढे. २०१३ च्या पाचव्या भागात तर चक्क पलंग आहे. पात्राला झोपवलं की गेम सेव्ह होतो. मायकेल सहा तास झोपतो, फ्रँकलिन आठ, ट्रेव्हर बारा. (ट्रेव्हरची एकूण जीवनशैली बघता बारा तास मला कमीच वाटतात.) फोनवरूनही सेव्ह करता येत असल्यामुळे या भागात पलंग ऐच्छिक झाला हे खरं. तरीही कथेच्या त्या गेममध्ये थांबायच्या जागा होत्या. मिशन संपलं, पात्र झोपलं, पडदा काळा झाला. खेळणाऱ्यालाही घड्याळाकडे बघायला एक क्षण मिळायचा. आणि मधेच आईची हाक आली तर पॉजचं बटण होतंच.

त्याच पाचव्या भागाला १ ऑक्टोबर २०१३ ला ऑनलाइन जग जोडलं गेलं, आणि त्यात पॉज नाही. पालकांनी हे नीट समजून घ्यावं. "दोन मिनिटं थांबव तो गेम आणि जेवायला ये" असं तुम्ही ओरडता आणि तो म्हणतो, "आई, थांबवता येत नाही." तो खोटं बोलत नसतो. चौघे मित्र मिळून दरोड्याच्या मोहिमेवर असतील आणि हा मधेच उठला, तर चौघांचीही मेहनत वाया जाते. त्या जगात दिवस ४८ मिनिटांचा. संध्याकाळ होते, पहाट होते, पण झोपायची वेळ कधीच होत नाही. रोज एकदा फिरवायचं नशिबाचं चाक, ज्यावर गाडी लागू शकते. रोजची ठरावीक कामं. ती सलग सात दिवस केली की बक्षीस, सलग अठ्ठावीस दिवस केली की मोठं बक्षीस. एक दिवस चुकला की मोजणी पहिल्यापासून. गुरुवारी नव्या सवलती. आणि एवढं सगळं कमवायचा कंटाळा आला तर खरे पैसे मोजून गेममधले पैसे देणारी शार्क कार्डं आहेतच. २०१९ मध्ये तिथे कॅसिनोही उघडला. तिथे जिंकलेलं खऱ्या पैशांत बदलता येत नाही, तरीही काही देशांत जुगाराच्या कायद्यांमुळे तिथली टेबलं बंद ठेवावी लागली.

यात शरीरशास्त्र काय ते सांगतो. 'डोपामाइन' हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की वापरताना मलाच संकोच वाटतो. पण एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मेंदूतल्या या पेशी सर्वांत जोरात प्रतिसाद देतात त्या अनपेक्षित बक्षिसाला. दर वेळी हमखास मिळणाऱ्या गोष्टीची सवय होते. कधी मिळेल कधी नाही, अशी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा करून बघतो. स्किनर यांनी कबुतरांवर हे दाखवून दिलं, जत्रेतल्या चक्रीवाल्याला ते त्यांच्याही आधीपासून माहीत होतं. 'सलग अठ्ठावीस दिवस'चं काम वेगळं आहे. तिथे मिळण्याच्या लोभापेक्षा साठवलेलं गमावण्याची भीती मोठी ठरते, म्हणूनच ताप असतानाही मुलगा "पाच मिनिटं फक्त" म्हणून उठतो.

आता यात किशोरवय मिळवा. या वयात झोपेचा संकेत देणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा वाढू लागतं. म्हणजे रात्री अकराला त्याला झोप येत नाही हा निव्वळ आगाऊपणा नसतो. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप लागते. क्लास सकाळी सातचा. निसर्गाने आधीच उशीर केलेला, त्यात समोर असं जग की ज्यात थांबायची जागाच नाही, डोळ्यांवर उजेड आणि पोलिसांच्या पाठलागाने छातीत धडधड. गेम बंद केल्यावरही ती धडधड लगेच उतरत नाही. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, आणि कापली जाते ती नेमकी तीच झोप. सकाळचं जड डोकं, चिडचिड, "लक्षात राहत नाही" या सगळ्यासाठी मला वेगळा आजार शोधावा लागत नाही.

आजार म्हणाल तर माझ्याच व्यवसायबंधूंशीही थोडं भांडायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण तो शिक्का सहज मारायचा नाही. खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी आयुष्य मागे पडलंय, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे, आणि हे सगळं साधारण बारा महिने, असे निकष आहेत. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं त्यात बसत नाहीत. ती व्यसनी नसतात, झोपेची उपाशी असतात. त्यांना 'ॲडिक्ट' म्हटलं की दोष सगळा मुलाच्या माथी जातो आणि ज्याने पलंग काढून घेतला तो नामानिराळा राहतो.

"मग आईबापांनी लक्ष ठेवावं, कंपनीला कशाला बोल?" असा प्रश्न येणारच. ठेवावं की! रात्री कन्सोल हॉलमध्ये आणि इंटरनेट ठरलेल्या वेळी बंद, हे मी रोज सांगतो. पण ज्या वस्तूची रचनाच उठू न देण्यासाठी झालीय तिच्यासमोर सतरा वर्षांच्या पोराचा निग्रह एकटा उभा करायचा आणि तो हरला की "संस्कार कमी पडले" म्हणायचं, ही बरोबरीची कुस्ती नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा खर्चातून उत्पन्नाचा मोठा वाटा येतो, हे रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू आपल्या आर्थिक अहवालांत उघड सांगते. पाचव्या भागाच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्यात. सहाव्यालाही असंच ऑनलाइन जग जोडलं जाईल, असं मी धरून चाललोय. इतकी वर्षं चाललेलं दुकान कोण बंद करतं?

"मग सरकारने बंदी घालावी" म्हणणाऱ्यांसाठी दक्षिण कोरियाचं उदाहरण आहे. २०११ मध्ये तिथे कायदा झाला, की सोळा वर्षांखालच्यांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. मुलांनी आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरले, खेळ मोबाईलवर गेला, झोपेत फारसा फरक पडला नाही, आणि शेवटी तो कायदा मागे घेतला गेला. आपल्याकडचा २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा मुख्यतः पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांसाठी आहे. रात्रीच्या अडीच वाजण्यावर त्यात औषध नाही.

औषध गेमच्या आतच आहे, आणि ते सापडलेलंही आहे. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चाचणीत, सलग जास्त वेळ खेळलं की मिळणारे गुण निम्मे व्हायचे. खेळाडू भडकले. कंपनीने हिशोब तोच ठेवून फक्त भाषा उलटी केली. विश्रांती घेऊन आलात तर काही काळ दुप्पट गुण! तक्रारी थांबल्या. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये दुकान तुमच्या खऱ्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाला बंद होतं, आणि मग झोपण्यावाचून फारसं करण्यासारखं उरत नाही.

रॉकस्टारला शरीर कळत नाही असं तर मुळीच म्हणता येणार नाही. २०१८ च्या रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये नायकाला क्षयरोग होतो (ज्यांनी अजून खेळला नाही त्यांची माफी). संसर्ग कधी होतो, खोकला कधी सुरू होतो आणि निदान किती उशिरा होतं, हे सगळं त्यांनी इतक्या बारकाईने दाखवलंय, की क्षयाचे रुग्ण रोज बघणाऱ्या माझ्यासारख्याने टोपी काढावी. त्या गेममध्ये पात्र जेवलं-झोपलं नाही तर त्याची ताकद घटते. पात्राच्या झोपेची ज्यांनी एवढी काळजी घेतली, त्यांनी खेळणाऱ्याच्या झोपेचा विचार करायला काय हरकत आहे?

म्हणून नव्या भागातल्या बदलांच्या यादीत माझेही बदल लिहून घ्या. ऑनलाइनमध्ये पलंग हवा, म्हणजे तिथे झोपून बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी जास्त फायदा. 'सलग दिवस' ही भानगड बंद. महिन्यात कुठलेही वीस दिवस चालतील. दरोडा अर्ध्यावर ठेवून उद्या तिथूनच पुढे नेता यावा, मित्रांचं नुकसान न होता. यातल्या एकाही गोष्टीने गोळीबार कमी होत नाही, व्हाइस सिटीचा समुद्र फिका पडत नाही.

१९ नोव्हेंबर म्हणजे दिवाळी होऊन दहा-अकरा दिवस, आणि पुढे बारावीची परीक्षा तोंडावर. पहिल्या रात्री मुलगा जागणार, जागू द्या. आम्ही वर्ल्ड कपसाठी जागलोच की. महिन्याभराने मात्र त्याच्याशेजारी बसून बघा, की तो कथा खेळतोय की ऑनलाइन. कथा असेल तर "हे मिशन झालं की झोप" हा तह टिकतो. ऑनलाइन असेल तर मोहीम सुरू व्हायच्या आधी वेळ ठरवा, मधे नको. मधे हाक मारलीत तर तुम्ही हराल आणि तोही.

त्या मुलाला औषध दिलं नाही. रोज अर्धा तास आधी झोपायचं, एवढंच लिहून दिलं. पुढच्या तपासणीसाठी मी डायरी उघडली आणि मुद्दामच २० नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी दहा असं सुचवलं. त्याने एक क्षण मनात हिशोब केला. "सर, त्या दिवशी नाही जमणार." मग सोमवार ठरला.