रॅम महागली, मग जुनी स्टिक बसवली तर चालेल का?

कॉलेजचा प्रोजेक्ट, अँड्रॉइड स्टुडिओ आणि क्रोमचे दहा टॅब एकत्र उघडले की माझा ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. म्हणून नव्या वर्षात नवी पेठेत चौकशीला गेलो. वर्षभरापूर्वी जी रॅम सहज घेतली असती, तिचा भाव ऐकून बाहेर येऊन आधी चहा प्यायलो. एका दुकानात तर सांगितलं, "वेगळ्या कंपनीची, वेगळ्या साइजची रॅम एकत्र चालतच नाही. जुनी काढा, दोन्ही नवीन घ्या."

हे खरं नाही, आणि या वर्षी असा सल्ला खिशाला फार महागात पडतो.

आधी भाव का चढले ते बघू. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार, तेवढीच जीबी एचबीएम बनवायला डीडीआर५च्या साधारण तिप्पट सिलिकॉन वेफर लागतात. कारखाने तेवढेच, मोठं गिऱ्हाईक दारात, मग आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी हातमिळवणी केली. ३ डिसेंबरला मायक्रॉनने 'क्रुशियल' हा दुकानात मिळणारा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं, माल फक्त फेब्रुवारी २०२६पर्यंत. त्यात जुन्या डीडीआर४चं उत्पादन कंपन्या आधीच आवरतं घेत होत्या. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, पण तिथे चिपचं पॅकिंग आणि टेस्टिंग होतं, मूळ वेफर बाहेरूनच येतात.

फोनवाल्यांनीही हसू नये. फोनची रॅम याच कंपन्यांची, आणि ती बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे नंतर वाढवायची सोयच नाही. जाहिरातीतली "८+८ जीबी" यातली दुसरी ८ ही खरी रॅम नसते, स्टोरेजचा तुकडा उसना घेतलेला असतो.

तर माझ्या मावसभावाचा एक लॅपटॉप बंद पडून कपाटात होता. त्यातून ४ जीबीची स्टिक निघाली: डीडीआर४, २६६६, कंपनी वेगळी. माझी ८ जीबीची डीडीआर४, ३२००. दुकानदाराच्या भाषेत अगदी न जुळणारी जोडी.

बसवली आणि स्क्रीन काळी! पोटात गोळाच आला. बंद करून, चार्जर काढून पुन्हा उघडलं, तर स्टिक नीट बसलीच नव्हती. ती तिरकी पूर्ण आत सरकवायची, मग आडवी दाबायची, दोन्ही क्लिपा टक्कन लागल्या पाहिजेत. दुसऱ्यांदा लॅपटॉप चालू झाला आणि टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी दिसले. स्पीड मात्र २६६७.

म्हणजे काय झालं? प्रत्येक स्टिकवर तिची माहिती असलेली एक छोटी चिप असते. लॅपटॉप ती वाचतो आणि दोघींना झेपेल तो वेग धरतो. हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळी वारी चालते, तसं. मग तोटाच झाला की! नाही. एकटी ३२००ची स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा हलवू शकते. दोन स्टिक असल्या की दोन रस्ते उघडतात. माझ्या ८ मधले ४ आणि नवे ४ यांची जोडी लागते, आणि त्या ८ जीबीत २६६६च्या वेगानेही सुमारे ४२.६ जीबी जातात. उरलेले ४ जीबी एकाच रस्त्याने, सुमारे २१.३ने चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला हा दुसरा रस्ता चांगलाच उपयोगी पडतो. आणि वेगाचं सोडा, रॅम संपल्यावर लॅपटॉप एसएसडीवर जी धडपड सुरू करतो, ती कमी झाली हाच मोठा फायदा.

न चालणाऱ्या गोष्टीही आहेत. डीडीआर४च्या जागी डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळी आणि व्होल्टेजही वेगळं, १.२ आणि १.१. जोर लावलात तर स्लॉट जाईल. पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकच स्लॉट असतो किंवा तोही नसतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर जास्तीत जास्त किती जीबी चालते तेही बघा. स्क्रू उघडण्याआधी वॉरंटीची अट वाचा.

आणि क्वचित एखादी जोडी खरंच जमत नाही. लॅपटॉप चालू होतो, पण मध्येच निळा स्क्रीन येतो किंवा फाइल बिघडते. म्हणून मी रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवलं. सकाळी शून्य एरर. एक जरी एरर आली असती तरी स्टिक काढून ठेवली असती, कारण प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर आहे.

जुनी स्टिक विकत घेणार असाल तर हीच टेस्ट करून, दोन-चार दिवसांत परत घेण्याच्या बोलीवर घ्या. मावसभावाच्या त्या लॅपटॉपमध्ये ४ जीबीची आणखी एक स्टिक आहे. तो सगळंच भंगारवाल्याला देणार होता, मी थांबवलंय.