पुढचा वस्ताद कोण, हे आता ठरवू या

कोल्हापुरात पैलवानाला फेटा बांधणारे हात कधी कमी पडले नाहीत. गावच्या यात्रेत लाखाच्या इनामाची कुस्ती लागते, हलगी घुमते, जिंकलेल्या पोराला लोक खांद्यावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा फलक झळकतो. त्या पोराला वर्षानुवर्षं पहाटे उठवून आखाड्यात उतरवणारा माणूस त्या फलकावर असलाच, तर शुभेच्छुकांच्या गर्दीत कुठंतरी कोपऱ्यात असतो. मला आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. तो म्हातारा झालाय, आणि त्याच्या मागं उभं राहायला कोणी नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये गणपतराव आंदळकर गेले. १९६० चे हिंदकेसरी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला गेलेले मल्ल ही त्यांची कागदावरची ओळख. कोल्हापूरला ते न्यू मोतीबाग तालमीतले आबा म्हणून आठवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये दादू चौगुले गेले, १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी. डिसेंबर २०२० मध्ये श्रीपती खंचनाळे गेले, १९५९ चे पहिले हिंदकेसरी. सव्वादोन वर्षांत ही तीन माणसं गेली. आपण शोकसभा घेतल्या, जुने फोटो एकमेकांना पाठवले. त्यांच्या हातातली विद्या आता कुणाच्या हातात आहे, हा हिशेब मात्र राहूनच गेला.

तालीम म्हटलं की आपल्याला पैलवान घडवणारी जागा आठवते. ती वस्ताद घडवणारीही जागा होती. सगळ्या पोरांना एकट्या वस्तादानं शिकवायचं, असं तिथं कधी नव्हतंच. जोर-बैठका झाल्या, अंग तापलं, की थोरला पैलवान दोन लहान पोरं घेऊन हौदाच्या कडेला जायचा. पट कसा काढायचा, समोरच्यानं पाय मागं घेतला तर डोकं कुठं ठेवायचं, ढाक मारताना कंबर किती आत घालायची, हे सगळं तो दाखवायचा. दुसऱ्याला दाखवता दाखवता त्याला स्वतःचाच डाव नव्यानं उमगायचा. वस्ताद कट्ट्यावर बसून दोघांनाही बघायचा. “राजा, लई सांगू नको त्याला. तुझा पाय धरू दे, मग कळंल,” एवढंच म्हणायचा. पोराला डाव मिळायचा आणि थोरल्याला शिकवणं कसं असतं ते कळायचं.

यातलं सगळ्यात अवघड काम जोड लावण्याचं. आज कुणाला कुणाशी खेळवायचं? रोज पडणाऱ्या पोराची हौस मरते आणि रोज पाडणाऱ्याचा माज वाढतो. म्हणून जो जरासाच वरचढ आहे, चारदा पडून एकदा तरी पाडता येईल, असा गडी शोधून द्यायचा. कालचा ताप, परवाची परीक्षा, घरात चाललेली कुरबूर हेही ध्यानात ठेवायचं. हे पुस्तकात मिळत नाही. वस्तादाच्या शेजारी बसूनच ते अंगी मुरतं, आणि मुरायला वेळ लागतो.

तो वेळ आता कुणाकडं आहे? जरा नाव झालं की थोरला पैलवान मॅटच्या सोयीसाठी पुण्याला जातो, नाहीतर सैन्यदलात, पोलिसात, रेल्वेत लागतो. त्याला दोष कसा द्यायचा, पोटाचा प्रश्न आहे. ज्याला नोकरी मिळत नाही, त्याची गत अधिक वाईट. गुडघा गेला की ऐन तिशीत कुस्ती सुटते आणि गडी कुणाची तरी गाडी चालवतो किंवा कुठंतरी दारावर उभा राहतो. लहानपणापासून कमावलेली विद्या त्याच्याबरोबर तालमीबाहेर जाते, आणि मागं राहतात वस्ताद आणि बारा-तेरा वर्षांची पोरं. मधली पिढीच नाही.

२००० मध्ये विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर त्या किताबाची गदा कोल्हापूरच्या मल्लाकडं यायला २०२२ उजाडलं. देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटीलनं ती आणली. मधल्या दुष्काळाची कारणं लोक खुराकाच्या महागाईपासून राजकारणापर्यंत सांगतात. असतीलही. पण वस्तादांची तुटलेली साखळी त्या यादीत सहसा कोणी धरत नाही.

दुसऱ्या खेळांकडं बघा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या फुटबॉल संघांच्या नावात अजून ‘तालीम’ आहे आणि पेठांच्या सामन्याला शाहू स्टेडियम ओसंडतं. तरी आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीतलं कांस्य आणलं. त्याच्यामागं दीपाली देशपांडे होत्या, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः खेळलेल्या नेमबाज. खेळणारीनं बंदूक ठेवली आणि शिकवायला घेतलं, म्हणून तिची विद्या पुढच्या हातात गेली.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. मारल्याशिवाय पैलवान होत नाही, असं मानणारे वस्ताद होते आणि आजही आहेत. वाढत्या वयाच्या पोराला वजन उतरवायला उपाशी ठेवणं, दुखऱ्या खांद्यावर तेल चोळून पुन्हा खेळवणं, कुणीतरी आणून दिलेल्या इंजेक्शनकडं काणाडोळा करणं, हे थांबलंच पाहिजे. मुरगूडसारख्या गावातून मुली मॅटवर उतरू लागल्यात. त्यांना शिकवायला बाईमाणूस किती तालमींत आहे? शिवाय मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर निकाल लागतो. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव मॅटवर उतरले, तेव्हा रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचं मार्गदर्शन त्यांच्या कामी आलं. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य मिळालं, आणि त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. शिकवणारा आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा, दोघंही लागतात.

म्हणून यात्रा कमिट्यांना पहिली विनंती. इनामाच्या रकमेतून रुपयाला दहा पैसे बाजूला काढा आणि ते विजेत्याच्या तालमीतल्या शिकाऊ वस्तादाला द्या, जाहीरपणे, हलगी वाजवून. निवेदकानं पैलवानाबरोबर त्याच्या वस्तादाचंही नाव पुकारावं. याला पैसाही लागत नाही.

तालमींनी आपले कुस्ती सुटलेले दोन गडी निवडावेत, जमलं तर त्यात एक मुलगी असावी. दोन वर्षं त्यांनी जुन्या वस्तादाच्या शेजारी बसावं आणि जोड लावायला शिकावं. त्यातल्या एकाला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला पाठवा. मॅटचे नियम, दुखापत, आहार, उत्तेजकांची बंदी हे तिथं शिकून त्यानं परत याच आखाड्यात यावं. जिल्ह्यातले साखर कारखाने मल्लांना मानधन देत आले आहेत. त्याच यादीत शिकाऊ वस्तादांची नावं घालायला अडचण काय?

जे वस्ताद आज सत्तरीत आहेत, त्यांच्यासमोर मोबाइल धरून बसा. कलाजंग करून दाखवायला त्यांचा गुडघा साथ देणार नाही, पण पोराला उभं करून ते हातानं सांगतील. ते आधी टिपून घ्या.

आणि आईबापांनो, पोराला तालमीत सोडून परत फिरू नका. आत या, कट्ट्यावर बसा, शिकवतंय कोण ते बघा. लहान पोराला काय मिळालं हे विचारताना इनाम विचारू नका, आज नवं काय जमलं ते विचारा. हात उगारणारा वस्ताद दिसला तर तिथंच बोला.

शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. दगडाचं आहे, ते राहील. पण तिथली विद्या आपोआप राहणार नाही. गावोगावच्या यात्रा जवळ आल्यात, वर्गणीच्या बैठका बसतील. तुमच्या गावच्या बैठकीला जा. पहिल्या नंबरच्या कुस्तीचा आकडा ठरायच्या आत हात वर करा आणि वस्तादाच्या मानधनाचा विषय आधी घ्यायला लावा.