पावणेनऊ म्हणजे नऊच्या आधी की नंतर?



हल्लीच्या मुलांना घड्याळ बघता येत नाही, अशी तक्रार आपण सगळेच करतो. खरं तर वेळ त्यांना आपल्यापेक्षा अचूक कळते, सेकंदासकट. जातंय ते वेगळंच. वेळ सांगायचे मराठी शब्द जाताहेत, आणि माझ्या मते त्याला शाळेइतकीच घरातून गेलेली गोल तबकडी कारण आहे.

थोडं मागून सुरुवात करतो. आपल्याकडे दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं. एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवत ते हेच. 'घड्याळ' या शब्दातही तीच घटी आहे.

पुढे रेल्वे आली, टोल्यांची घड्याळं आली. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत पुरती सोडली नव्हती. तेव्हा आपला भागही मुंबई राज्यातच होता. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, बेळगाव साधारण ७४.५ वर. अंशाला ४ मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य ३२ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. रामनवमीला बाराच्या ठोक्याला आपण पाळणा हलवतो, तेव्हा खऱ्या माध्यान्हीला अजून अर्धा तास बाकी असतो! म्हणजे घड्याळातली वेळ ही माणसांनी एकमेकांत ठरवलेली गोष्ट. ती सांगायची भाषा मात्र ज्याची त्याची राहिली.

मनगटावरचं घड्याळ साध्या घरांत आणलं ते एचएमटीने. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत कारखाना निघाला. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं आमच्या पिढीला पाठ आहेत. पहिला पगार असो, जावयाचा मान असो, नाहीतर निवृत्तीचा सत्कार, एचएमटीशिवाय पान हलत नव्हतं. रोज ठरल्या वेळी किल्ली द्यायची, बातम्यांच्या वेळी रेडिओवर मिळवून घ्यायचं. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडूच्या औद्योगिक विकास महामंडळाने मिळून टायटन काढली, होसूरला कारखाना टाकला आणि क्वार्ट्झवर भर दिला. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, किल्ली नको, महिन्याला काही सेकंदांचाच फरक. एचएमटी किल्लीच्या घड्याळांतच जास्त अडकली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. वाईट वाटलं, पण कॉमर्सवाला म्हणून सांगतो, गिऱ्हाईक ज्याला कळलं त्याचा धंदा चालला.

किल्लीचं असो की सेलचं, तबकडी गोल होती. पाव, अर्धा, पाऊण डोळ्यांना दिसायचं. सव्वासात, साडेसात, पावणेआठ हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेली, आणि भिंतीवर तेच चित्र टांगलेलं. बँकेत निपाणीकडचा तंबाखूवाला शेतकरी आला आणि व्याज पावणेनऊ टक्के सांगितलं, की बोटांवर हिशेब करून मोकळा. कन्नड बोलणारा असला तर तो म्हणे, 'एंटू मुक्कालु'. म्हणजे आठ आणि पाऊण. तो आठावरून पुढे जातो, आपण नवावरून पाव मागे येतो. गाठ एकाच ठिकाणी पडते. आता त्याची नातवंडं आणि माझी नातवंडं, दोघंही 'एट फॉर्टी फाइव्ह' म्हणतात. परवा नातीला म्हटलं, पावणेसातला तयार राहा. तर म्हणते, "आजोबा, म्हणजे सेव्हनच्या आधी की नंतर?"

कोणी म्हणेल, बिघडलं कुठे? गाडी तर चुकत नाही ना? गाडी चुकत नाही, खरं आहे. पण 'पावणे' एकटं जात नाही. त्याच्यामागून सव्वा जातो, दीड जातो, अडीच जातो. मग बाजारात अडीचशे, पूजेला सव्वा रुपया, आजीच्या तोंडची साडेतीन मुहूर्तांची गोष्ट, सगळंच नातवंडांना उलगडून सांगावं लागतं. सीमाभागात मराठी टिकवायची म्हणून आपण सभा घेतो, निवेदनं देतो. ते हवंच. पण मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची, हे दरवेळी आपल्या हातात नसतं. घराची भिंत आपल्या हातात आहे.

स्मार्टवॉचला माझा विरोध नाही, गैरसमज नको. लेकीने दिलेलं माझ्याही हातात आहे. सकाळी फिरताना पावलं मोजतं, नाडी सांगतं. या वयात ते उपयोगाचंच. त्यातही काट्यांची गोल तबकडी लावता येते. मी तीच लावली आहे.

म्हणून एवढंच सुचवतो. जेवणाच्या खोलीत काट्यांचं एक मोठं घड्याळ लावा. नातवंडांना किती वाजले विचारा आणि उत्तर मराठीत घ्या. चुकलं तर हसू नका. कपाटात जुनं एचएमटी पडलं असेल तर गावात जो कोणी घड्याळजी उरला असेल, त्याच्याकडून साफ करून घ्या आणि दहावीच्या नातवाच्या हातात बांधा. किल्ली द्यायला मजा वाटते पोरांना.

तुमच्या घरात कोणतं जुनं घड्याळ आहे, कोणी कुणाला दिलेलं, खाली जरूर लिहा.