या वयात आकार कशाला हवा?



गेल्या चातुर्मासाच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या जावेच्या स्तनात गाठ सापडली. तिचं वय एकसष्ट. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "गाठ लहान आहे, स्तन पूर्ण काढायची गरज नाही. गाठ काढू आणि त्याच ऑपरेशनमध्ये उरलेल्या भागाला आकार देऊ." याला ऑन्कोप्लास्टिक सर्जरी म्हणतात.

घरी आल्यावर आमचं एकच सुरू झालं. "या वयात आकार घेऊन काय करायचाय? सगळंच काढून टाका, काळजी मिटेल." हे पुरुष नाही, आम्ही बायकाच बोललो. मीही त्यात होते. एक काकू म्हणाल्या, "शरीर म्हणजे पुद्गल, त्याचा मोह कशाला?" रात्री जाऊ स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अक्का, मला कुणी विचारलंच नाही."

मग मी बी.कॉम.च्या सवयीप्रमाणे दोन्ही बाजू मांडल्या.

सगळं काढलं की आयुष्य वाढतं, हा समज जमेत धरता येत नाही. अमेरिकेत डॉ. फिशर आणि इटलीत डॉ. व्हेरोनेसी यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा 20 वर्षं पाठपुरावा केला. 2002 साली निष्कर्ष आले. स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या बायका सारख्याच जगल्या. वाचवलेल्या स्तनात पुन्हा गाठ येण्याचा थोडा धोका राहतो, म्हणून किरणोपचार आणि नंतर दरवर्षी मॅमोग्राफी चुकवायची नाही.

नुसती गाठ काढली की कधी कधी खड्डा पडतो, आणि किरणांनंतर तो आणखी आक्रसतो. म्हणून आजूबाजूचा भाग सरकवून तो भरतात. स्तन मोठा असेल तर लहान करून बसवतात आणि दुसराही जुळवून घेतात. लहान असेल तर बगलेखालून किंवा पाठीकडून भाग आणतात. खड्डा भरता येणार हे माहीत असल्यामुळे सर्जन गाठीभोवतीचा निरोगी भागही मोकळेपणाने काढू शकतो. म्हणजे हा फक्त नटण्याचा भाग नाही.

खर्चाची बाजूही आहे. ऑपरेशन लांबतं, व्रण जास्त, मधुमेह असेल तर जखम उशिरा भरते. कडेला कॅन्सर राहिल्याचं दिसलं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. स्तनात अनेक ठिकाणी गाठी असतील किंवा तिथे आधी किरणं दिलेली असतील तर बहुधा पूर्णच काढतात. आणि हे सगळं आधी ठरवावं लागतं. किरणांनंतर आकार सुधारणं अवघड जातं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: माझा स्तन वाचेल का? खड्डा कसा भरणार? दुसऱ्या बाजूचं काय?

आता मोहाचं. दात पडले की आपण कवळी बसवतो, मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग बसवतो. तेव्हा पुद्गल कुणाला आठवत नाही. स्तनाच्या वेळीच का आठवतं? अपरिग्रहाचं व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं, दुसरीच्या अंगावर लादायचं नसतं. एखादी स्वतः म्हणाली की पूर्ण काढा, तर तोही तिचाच निर्णय, आणि तितकाच मानाचा. पण तो तिच्या तोंडून यायला हवा.

जावेने आकार राखायचा निर्णय घेतला. ऑपरेशन झालं, पुढे किरणोपचारही झाले. पूजेला बसताना पदर सारखा ओढावा लागत नाही, एवढंच ती म्हणते. तिला तेवढंच हवं होतं.

त्या वर्षी क्षमावाणीला मी पहिली क्षमा तिची मागितली. तुमच्या घरात अशी वेळ येऊ नये. आलीच, तर सल्ला देण्याआधी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा, "तुला काय हवंय?"