एक मजकूर, दोन खिडक्या
जुन्या दफ्तरखान्यातील जाणता कारकून अस्सल कागद डाव्या हाताशी व नक्कल उजव्या हाताशी मांडून ओळीगणिक रुजवात घेत असे, आणि तीच शिस्त ब्राम मोलेनार यांच्या ‘विम’ या संगणकीय मजकूर-संपादकात १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीबरोबर, पडद्यावरील अनेक खिडक्यांच्या रूपाने अवतरली. कंट्रोल व डब्ल्यू या कळा एकत्र दाबून मग एस दाबली की खिडक्या एकाखाली एक, व्ही दाबली की शेजारीशेजारी उघडतात. त्याच जोडीपुढे एच, जे, के, एल या कळांनी अनुक्रमे डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाता येते. परंतु या योजनेचे खरे मर्म असे, की खिडकी म्हणजे मजकूर नव्हे, मजकुराकडे पाहण्याची केवळ चौकट होय; म्हणूनच एकाच दीर्घ लेखाचा आरंभ वरच्या खिडकीत व उपसंहार खालच्या खिडकीत ठेवता येतो, आणि एकीत केलेली दुरुस्ती, तो भाग समोर असल्यास, दुसरीतही तत्क्षणी उमटते. आपल्या प्रतिपादनाशी आपला निष्कर्ष ज्याला ताडून पाहावयाचा आहे, त्याने केवळ स्मरणशक्तीवर हवाला न ठेवता दोन्ही दृष्टीसमोर ठेवावीत. मात्र खिडक्या दोन-तीनच असाव्यात, कारण पडदा कितीही विभागला तरी अवधान अविभक्तच राहिले पाहिजे.