वडीलधाऱ्यांची विस्मृती आणि आपले दायित्व



1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शरदाच्या दिवसांत मराठी घरांत फराळाच्या ताटाबरोबर एक जाडजूड अंकही येत राहिला; आणि ज्या पिढीने तो पदरमोड करून विकत घेतला, शेजारीपाजारी फिरवला, वाचनालयात नंबर लावून वाचला, त्या पिढीतील कित्येक वाचक आज अशा अवस्थेला पोचले आहेत की, हाती दिलेला अंक कोणत्या बाजूने धरावा हेही त्यांना उमगत नाही. यंदाच्या अंकाचा मध्यवर्ती विषय म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा निवासी संस्थांमधील सांभाळ आम्ही निवडला, तो या ऋणाच्या जाणिवेने. सणाच्या दिवसांत तो जड वाटेल, हे आम्ही जाणतो. तथापि जे दुःख घरोघरी आहे आणि ज्याविषयी घरोघरी मौनही आहे, ते सर्वांनी मिळून वाचावे, यासाठी दिवाळी अंकाइतके योग्य स्थान मराठीत दुसरे नाही.

भारतातील साठी ओलांडलेल्या लोकांच्या विस्तृत पाहणीवर आधारलेला जो अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला, त्याच्या अनुमानाप्रमाणे त्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत; आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 2011 च्या जनगणनेतच साठीपुढील माणसांची संख्या एक कोटीहून अधिक होती. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 साली या विकाराविषयीचे आपले निरीक्षण ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले, त्याला शतक उलटून गेले तरी हा विकार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. म्हातारपणी असे व्हायचेच, या समजुतीत आपल्याकडे पहिली दोन-चार वर्षे निघून जातात. मग गॅस चालू राहतो, बँकेतली सही जुळेनाशी होते, भाजीला गेलेले वडील भलत्याच पेठेत सापडतात, आणि मुले परगावी व घरातली उरलेली सगळी नोकरीला अशा स्थितीत ब्यूरोतून येणाऱ्या बाईंच्या भरवशावर निभाव लागेनासा झाला, म्हणजे संस्थेचा शोध सुरू होतो. तेथे पहिलाच अडसर असा की, अर्जदार हिंडताफिरता व स्वतःचे सर्व स्वतः करणारा असावा, अशी अट कित्येक वृद्धाश्रमांच्या नियमावलीत असते. ज्याला आश्रयाची सर्वाधिक निकड, त्यालाच दार बंद. ज्या खासगी संस्था अशा रुग्णांना घेतात, त्यांचा दरमहा खर्च सामान्य निवृत्तिवेतनधारकाला पेलण्याजोगा नसतो.

आईवडिलांना संस्थेत ठेवणे हे कृतघ्नतेचे लक्षण आहे, असे आम्ही मानीत नाही. चोवीस तासांची ही शुश्रूषा एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि ती एकहाती करता करता स्वतःच खचलेल्या पत्नी, लेकी आणि सुना आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. प्रश्न आहे तो संस्थेच्या दाराआड रुग्णाचा दिवस कसा जातो याचा. त्याने पडू नये, हरवू नये, ओरडू नये, एवढेच जेथे उद्दिष्ट असते, तेथे फाटकाला कुलूप, खुर्चीला पट्टा आणि रात्री झोपेची गोळी ही साधने क्रमाक्रमाने शिरतात. त्यामागे दुष्टावा असतोच असे नाही, बहुधा रात्रपाळीला जागे माणूसच एखादे असते. परंतु रुग्णाला शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटीसायकोटिक वर्गातील औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 सालीच दिलेला आहे. आणि शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रुग्णाला बांधण्यास वा औषधाने निपचित पाडण्यास तेथील शुश्रूषागृहांना 1987 च्या कायद्याने मनाई केली आहे.

अभ्यंगस्नानाच्या या दिवसांत स्नानाचेच उदाहरण घेऊ. ज्यांनी आयुष्यभर मोरीचे दार लावून अंघोळ केली, त्या आजींना पहाटे, थंड फरशीवर, अनोळखी हातांनी घाईघाईने विवस्त्र केले जाते; त्या ओरडतात, बोचकारतात, आणि नोंदवहीत ‘हट्टी, मारकुट्या’ असा शेरा पडतो. खरे पाहता तो आपल्या लज्जेच्या रक्षणासाठी केलेला प्रतिकार असतो. न्हाणीघर आधी उबदार करावे, अंगावर टॉवेल असू द्यावा, रोज तीच परिचित मावशी असावी, वेळ त्यांच्या कलाने निवडावी, शक्य तर उटण्याची वाटी त्यांच्याच हाती द्यावी. असे केले असता रुग्णाचा क्षोभ व आक्रमकता लक्षणीय घटते, हे 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. कित्येकदा विकाराचा म्हणून समजला जाणारा उपद्रव आपल्या वागणुकीतून उपजलेला असतो.

हाच विचार ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवूड यांनी आपल्या 1997 च्या ग्रंथात शास्त्राच्या पायरीवर नेला. रुग्णाला फसवून गप्प करणे, बाळासारखे बोलणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखी चर्चा करणे, या नित्याच्या गोष्टी त्याचे व्यक्तित्व मेंदूच्या ऱ्हासाइतक्याच निश्चितपणे झिजवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नेदरलँड्समध्ये वेस्प येथील ‘होगेवेक’ वसतीत 2009 पासून सुमारे दीडशे रुग्ण सहा-सात जणांच्या घरगुती गटांनी राहू लागले; तेथे दुकान आहे, नाट्यगृह आहे, मोकळ्या वाटा आहेत, आणि प्रारंभी घरांची मांडणी रहिवाशांच्या पूर्वायुष्याच्या वळणानुसार, इंडोनेशियाशी नाते असलेल्यांसाठी त्या धाटणीचे घर इथपर्यंत, केलेली होती. एवढा खर्च आपल्याला झेपणार नाही, हे मान्य. पण नागपूरकडील आजोबांची आणि मालवणच्या आजींची जेवणाची आवड निराळी असते, एवढे ओळखायला परदेशी भांडवल लागत नाही. इंग्लंडमधील 69 शुश्रूषागृहांत झालेल्या व 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर असे आढळले की, कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्रित शुश्रूषेचे शिक्षण देऊन प्रत्येक रुग्णाला आठवड्याला तासभर आपुलकीचा सहवास लाभेल अशी व्यवस्था केली, तरी त्याच्या जीवनाची प्रत सुधारते, अस्वस्थता कमी होते आणि खर्चही वाचतो.

सुधारणेचे मर्म त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्या माणसांपाशी आहे. आपल्या संस्थांतील मावश्या आणि दादा तुटपुंज्या मेहनतान्यावर, बहुधा कोणत्याही शिक्षणाविना, बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि थोडा अधिक पगार मिळताच दुसरीकडे जातात. ज्या आजोबांना कालची मावशीच तेवढी ओळखू येत होती, त्यांचे जग त्या दिवशी पुन्हा परके होते. या मावश्या-दादांना शिक्षण, विश्रांती आणि पोटापुरता पगार देणे हीच रुग्णाची पहिली चिकित्सा होय. केरळात 1992 साली ‘आल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि अशा शिक्षणाचा पायंडा तिने घातला. तो आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत रुजला पाहिजे.

शासनाच्या जबाबदारीचेही स्पष्ट बोलावे. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तजवीज ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या कायद्यात आहे. संस्थांची नोंदणी व किमान निकष यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक 2019 साली लोकसभेत आले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. राज्याच्या गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या ‘महारेरा’ने 2024 साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, उतार, दारे यांविषयी नियम घातले, ते स्वागतार्ह आहेत. मात्र ते इमारतीचे नियम आहेत. रात्री किती माणसे जागी असावीत, त्यांचे शिक्षण काय असावे, रुग्णाला बांधल्याची व गुंगीचे औषध दिल्याची नोंद कोणी तपासावी, यांविषयीही नियम झाले पाहिजेत, आणि पूर्वसूचनेविना तपासणी करून त्यांची अंमलबजावणी झाली पाहिजे.

आणि आपण? दिवाळीत वृद्धाश्रमांत मिठाईचे खोके घेऊन मंडळे येतात, छायाचित्रे निघतात, अंगणात फटाके लागतात. हेतू निर्मळ असतो. पण स्मृतिभ्रंश झालेल्या मनाला अनोळखी गर्दी आणि स्फोटाचा आवाज म्हणजे केवळ भय. त्यापेक्षा एकेकट्याने, ज्येष्ठातल्या एखाद्या रिकाम्या दुपारी जावे, शेजारी बसून मेथी निवडावी किंवा करंज्या लाटाव्यात. लेकीचे नाव हरवलेल्या बोटांत लाटण्याचे कसब पुष्कळदा शाबूत असते. ज्यांचे आईवडील तेथे आहेत, त्यांनी त्यांचे आयुष्य दोन पाने लिहून संस्थेच्या स्वाधीन करावे: गाव, व्यवसाय, आवडीची गाणी, चहात साखर किती, अंधाराची भीती आहे की नाही.

संस्था पारखताना विचारावयाच्या प्रश्नांची यादी या अंकात स्वतंत्र पानावर दिली आहे. ती कापून जवळ ठेवावी, संस्थेच्या कचेरीत बसून विचारावी, आणि उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारावी, कारण विचारणारा कोणीतरी आहे, एवढ्यानेही व्यवस्था सावध होते. 

– संपादक